दात उजळवताना सणक आटोक्यात ठेवण्याच्या नोंदी

२ जून

उद्दिष्ट सरळ आहे. घरच्या घरी दात उजळायचे, पण सणक न सोसता. रंग किती छटा उतरतो हे दुसरं. मागे एकदा दातांवर चिकटवायच्या तयार पट्ट्यांनी सुरुवात केली होती आणि दात इतके ठणकले की अर्ध्यातच सोडावं लागलं. माझ्या ओळखीत ज्यांनी ज्यांनी हे मध्येच सोडलं, त्यांतल्या बहुतेकांचं कारण हेच. म्हणून या वेळी रंगाआधी दुखण्याचा बंदोबस्त, आणि त्याची नीट नोंद.

आज डॉक्टरबाईंकडे तपासणी झाली. एक्स-रेमध्ये कीड नाही. वरच्या डाव्या उपदाढेची हिरडी थोडी मागे सरकली आहे, तिथे मुळाचा भाग किंचित उघडा पडलाय. मुळावर इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कठीण आवरण, नसतं, त्यामुळे पहिली तक्रार तिथूनच येण्याची शक्यता आहे. समोरच्या एका पटाशीच्या दाताच्या कोपऱ्यावर जुनं फिलिंग आहे, ते उजळणार नाही. फिलिंग, कॅप, व्हिनियर (दातावर चिकटवलेला पातळ पापुद्रा) यांच्या रंगावर पेरॉक्साइड, म्हणजे दात उजळवणारं रसायन, चालत नाही. "आधी दात उजळू देत, रंग बसू दे, मग फिलिंग त्या रंगाचं करू. उलटं केलंत तर दोनदा करावं लागेल," असं त्या म्हणाल्या.

ट्रेसाठी, म्हणजे दातांवर जेल धरून ठेवणाऱ्या साच्यासाठी, दोन्ही जबड्यांचं माप घेतलं. जेल १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडचं. सुरुवात मात्र लगेच नाही. आधी दोन आठवडे सणक कमी करणाऱ्या, ५ टक्के पोटॅशियम नायट्रेटच्या पेस्टने दोन वेळा ब्रश करायचं.

४ जून

सणक येते कुठून, हे आधी समजून घेतलं. ते कळल्याशिवाय कुठला उपाय कशासाठी हे कळत नाही.

इनॅमलच्या आत डेंटिन, आणि डेंटिनच्या आत नस. डेंटिन भरीव दिसतं, पण त्यात अतिशय बारीक नळ्या असतात, एका चौरस मिलिमीटरमध्ये हजारोंनी. त्या द्रवाने भरलेल्या असतात. गार काही लागलं, वारा लागला किंवा दात कोरडा पडला की हा द्रव हलतो आणि नळीच्या आतल्या टोकाशी असलेला नसेचा तंतू जागा होतो. स्वीडनचे मार्टिन ब्रॅनस्ट्रॉम यांनी १९६०च्या दशकात मांडलेलं हे स्पष्टीकरण आजही दातांच्या शिवशिवीसाठी सर्वाधिक मानलं जातं. हिरडी सरकलेल्या दातावर हे सरळ लागू पडतं.

उजळवताना मात्र आणखी एक गोष्ट घडते. जेलमधून सुटणाऱ्या हायड्रोजन पेरॉक्साइडचा रेणू फार लहान असतो. वाळूतून पाणी झिरपावं तसा तो इनॅमल आणि डेंटिन पार करून काही मिनिटांतच नसेपर्यंत पोचतो. रंग उतरतो तोही याच प्रवासामुळे, कारण डाग देणारे रेणू इनॅमल आणि डेंटिनच्या आत असतात. म्हणजे जे काम करतं तेच नसेलाही डिवचतं. नसेला हलकी, तात्पुरती सूज येते आणि मग काही न लागताच, नुसतं बसलं असताना, दातातून वीज गेल्यासारखी कळ येते. इनॅमलला भोक पडलं, दात झिजला, म्हणून ती येते असं नाही. अगदी धडधाकट दातांनाही येते.

यातून एक गोष्ट स्पष्ट झाली. नसेपर्यंत एका वेळी किती पेरॉक्साइड पोचतं आणि किती वेळ पोचत राहतं, हे दोन खटके आपल्या हातात आहेत. तिसरा म्हणजे नसेला आधीच शांत करून ठेवणं. बाकी सगळं या तिघांच्या भोवतीचं.

५ जून

मोजायचं कसं ते ठरवलं. रोज सकाळी, ब्रश करण्याआधी, तीन गोष्टी: दात मिटून ओठ उघडे ठेवून तोंडाने आत ओढलेला श्वास, गार पाण्याचा एक घोट समोरच्या दातांवर धरून, आणि कोरड्या ब्रशचा उघड्या मुळावर हलका स्पर्श. प्रत्येकाला ० ते १० गुण. शिवाय दिवसभरात आपोआप आलेल्या सणकेची वेगळी नोंद: कुठला दात, किती वेळ टिकली.

पाणी रोज त्याच बाटलीतलं, फ्रीजच्या त्याच कप्प्यातलं. रंगासाठी त्याच खिडकीत, त्याच वेळी फोटो, शेजारी डॉक्टरबाईंनी दाखवलेल्या शेड गाइडमधली, म्हणजे दातांच्या रंगांच्या नमुना-पट्टीतली, छटा लिहून. आज ती ए-३च्या जवळ आहे (आकडा जितका मोठा तितकी छटा गडद), सुळे त्याहून गडद. सुळे असेच असतात. त्यांच्यात डेंटिन जास्त असतं.

आजचे गुण: श्वास १, पाणी ३, उपदाढेचा स्पर्श ४.

१० जून

पेस्टविषयी बरंच वाचलं, कारण दुकानात सगळ्याच डब्यांवर सेन्सिटिव्ह लिहिलेलं असतं आणि आतली कामं वेगवेगळी असतात. घटकांची यादी बघितली की दोन गट दिसतात.

एक गट नळ्यांची तोंडं बुजवणारा: स्टॅनस फ्लोराइड, आर्जिनिन व कॅल्शियम कार्बोनेटची जोडी, कॅल्शियम सोडियम फॉस्फोसिलिकेट. दुसरा गट नसेला गप्प करणारा, त्यात पोटॅशियम नायट्रेट. पोटॅशियम नळ्यांतून आत झिरपतं, नसेच्या तंतूंभोवती साठतं आणि त्यांना पुन्हा पुन्हा चेतू देत नाही. पहिला गट माझ्या उपदाढेसाठी चांगला. पण उजळवताना येणाऱ्या आपोआपच्या सणकेसाठी मला दुसऱ्याचाच भरवसा वाटतो, कारण तिथे तक्रार नळीच्या तोंडाची कमी आणि आतल्या नसेची जास्त आहे.

पोटॅशियमला वेळ लागतो. एकदा ब्रश केला आणि फरक पडला, असं होत नाही. नियमित वापरल्यावर दोन ते चार आठवड्यांत परिणाम जाणवतो. म्हणूनच दोन आठवडे आधीपासून. सणक सुरू झाल्यावर डबा आणायला धावणारे इथे मागे पडतात.

आणखी दोन गोष्टी पाळतेय. ब्रश झाल्यावर फेस थुंकायचा, पण चूळ भरून सगळं धुऊन काढायचं नाही, म्हणजे औषध दातावर राहतं. आणि व्हाइटनिंग म्हणून मिळणारी खरखरीत पेस्ट या काळात पूर्ण बंद. ती वरवरचे डाग घासते, आतला रंग बदलत नाही, आणि उघड्या मुळाला मात्र झिजवते. ब्रश मऊ केसांचा.

१६ जून

गुण: श्वास ०, पाणी २, स्पर्श २. अजून जेल लावलेलंच नाही आणि उपदाढ आधीपेक्षा शांत आहे. उद्यापासून सुरुवात.

१७ जून

ट्रे आले. आधी रिकामेच अर्धा तास घालून पाहिले. हे महत्त्वाचं: ट्रे घट्ट असेल तर नुसत्या दाबानेही दात दुखतात आणि मग दोष जेलवर जातो. खालचा व्यवस्थित बसतो. वरच्याची कड उजव्या सुळ्याजवळ हिरडीला टोचतेय, ती दोन दिवसांत डॉक्टरबाई घासून देतील. तोवर फक्त खालचा जबडा. एका वेळी एकच जबडा केल्याचा आणखी फायदा म्हणजे न केलेला जबडा तुलनेला उरतो.

जेलची सिरिंज फ्रीजमध्ये ठेवायची असते, पण लावण्याआधी थोडा वेळ बाहेर काढून ठेवली. गारेगार जेल दातावर गेलं तर पहिल्याच क्षणी शिवशिव.

ट्रेमध्ये प्रत्येक दाताच्या खोबणीत, ओठाच्या बाजूच्या भिंतीवर, एकेक बारीक थेंब. पसरवायचा नाही, ट्रे बसवताना तो आपोआप पसरतो. आज बसवल्यावर दोन दातांमध्ये पारदर्शक जेलची चिमूटभर कड हिरडीवर आली, ती कोरड्या मऊ ब्रशने लगेच पुसली. थेंब मोठे झाले तर रंग लवकर येत नाही, फक्त हिरडी भाजते आणि गिळलं जातं.

रात्रभर ठेवायला परवानगी आहे, तरी मी दोन तासच ठेवणार. कार्बामाइड पेरॉक्साइड हळूहळू सुटतं. पहिल्या दोन तासांत जवळपास निम्मं काम होऊन जातं आणि उरलेलं रात्रभर रेंगाळतं. मला तो पहिला हिस्सा पुरे आहे.

१८ जून

काहीही नाही. गुण कालचेच.

२० जून

सणक आली. दुपारी वाचत बसले होते, तोंडात काही नव्हतं. खालच्या समोरच्या दातांपैकी डावीकडच्या एकात वरून खाली एक बारीक, धारदार कळ गेली. हात ओठापाशी पोचेपर्यंत संपलीसुद्धा. थोड्या वेळाने शेजारच्या दातात तशीच एक. टिकली क्षणभर, तीव्रता ६. पाण्याचे गुण ४.

खालचे पटाशीचे दात सगळ्यात लहान, त्यांच्यात बाहेरून नसेपर्यंतचं अंतर कमी. त्यामुळे इथून सुरुवात झाली यात नवल नाही. घाबरण्यासारखंही नाही.

आज रात्री जेल नाही. त्याऐवजी ट्रेमध्ये पोटॅशियम नायट्रेट असलेली पेस्ट भरून वीस मिनिटं. हा उपाय मला सगळ्यांत कामाचा वाटतो आणि फार कमी जणांना माहीत असतो. ब्रशने पेस्ट दातावर दोन मिनिटं टिकते. ट्रेने ती दाताला चिकटून राहते, दहा ते तीस मिनिटं. त्यामुळे ज्याला एरवी आठवडे लागतात त्याचा आराम लवकर जाणवतो. पेस्ट निवडताना सोडियम लॉरिल सल्फेट म्हणजे फेस आणणारा घटक नसलेली घेतली, कारण इतका वेळ हिरडीला लागून राहिला तर तो चुरचुरतो. नंतर ती थुंकायची, गिळायची नाही.

२१ जून

रात्री एकदाही कळ नाही. सकाळी पाणी २. आज पुन्हा फक्त पेस्टचा ट्रे. वरचा ट्रे घासून मिळाला.

२३ जून

डॉक्टरबाईंना नोंदी दाखवल्या. त्या म्हणाल्या, "एक दिवसाआड करा. जेलच्या आधी पेस्टचा ट्रे, मग जेल. दात काही पळून जात नाहीत." तसं सुरू केलं: आधी दहा-पंधरा मिनिटं पेस्ट, ट्रे धुऊन पुसून मग जेल दोन तास. मधल्या दिवशी नुसती पेस्ट.

दुखण्यावरची गोळी आधीच घेऊन ठेवावी का, हेही विचारलं. त्यांनी नको म्हटलं. गोळीने फार तर काही तास जाणीव कमी होते, सणकेचा धोका टळत नाही; आणि दुखणं दडवून डोस वाढवत नेणं हेच टाळायचंय.

२५ जून

वरच्या जबड्याची पहिली रात्र झाली. उजव्या सुळ्याच्या वर हिरडीवर तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा डाग, हात लावला की थोडा चुरचुरणारा. पेरॉक्साइड हिरडीला लागलं की असं होतं. पाण्याने धुऊन तिथे जेल पोचणार नाही इतकं बघितलं. संध्याकाळपर्यंत जागा गुलाबी झाली. त्या खोबणीत थेंब अर्धा केला.

२८ जून

दादाचा फोन. तो जास्त तीव्रतेच्या पट्ट्या वापरतोय, आठवड्यात काम उरकायचंय. "तू दहा टक्क्यांवर काय बसलीयस? पस्तीसवालं घे की," म्हणाला.

या आकड्यांचा घोळ खूप आहे, म्हणून इथे लिहून ठेवते. कार्बामाइड पेरॉक्साइड आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांचे टक्के एक नव्हेत. १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड तोंडात फुटतं तेव्हा त्यातून साधारण साडेतीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड मिळतं, उरलेला भाग युरिया. म्हणजे डब्यावरचा ३५चा आकडा कार्बामाइडचा असेल तर तो हायड्रोजनच्या बारा टक्क्यांच्या आसपास. एकावर १० आणि दुसऱ्यावर १० वाचून ते सारखे मानले तर नसेवर तिप्पट भार.

आणि मुख्य मुद्दा: कमी तीव्रतेने वेळ जास्त लागतो, पण पुरेसे दिवस दिले की शेवटची छटा बरीचशी तीच येते. दात जितका उजळू शकतो तितकाच उजळतो. जास्त तीव्रतेने तिथे लवकर पोचतो, आणि वाटेत दुखणं जास्त. हे मी दादाला अगदी कळकळीने सांगितलं. ज्याला घाई नाही त्याने १० टक्क्यांच्या वर जाण्याचं एकही कारण मला दिसत नाही.

हा दहा टक्क्यांचा आकडाही हवेतून आलेला नाही. १९६०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या आर्कन्सॉचे ऑर्थोडॉन्टिस्ट बिल क्लुस्मायर हिरड्या बऱ्या व्हाव्यात म्हणून रुग्णांना ट्रेमधून याच तीव्रतेचं जंतुनाशक द्यायचे, आणि दात उजळ झाल्याचं त्यांच्या लक्षात आलं. पुढे १९८९मध्ये हेवूड आणि हेमन यांनी ही रात्रीच्या ट्रेची पद्धत शास्त्रीय नियतकालिकात मांडली. तेव्हापासून सगळ्यात जास्त तपासली गेलेली तीव्रता हीच.

३० जून

गुण: श्वास ०, पाणी २, स्पर्श १. आपोआपची सणक गेल्या काही दिवसांत फक्त एकदा, तीव्रता २.

जेल काढल्यावर लगेच आरशात दात फार पांढरे दिसतात. त्यातला काही भाग नुसत्या कोरडेपणाचा असतो. लाळेने दात पुन्हा ओलावले की दिवसा-दोन दिवसांत खरी छटा दिसते. त्यामुळे फोटो जेलनंतर कधीच नाही, दुसऱ्या दिवशी सकाळीच. हाच कोरडेपणा शिवशिवही वाढवतो, म्हणून ट्रे काढल्यावर कोमट पाणी आणि तासभर गार, आंबट काही नाही. आंबट खाल्ल्या-प्यायल्यावर लगेच ब्रशही नाही. मऊ झालेल्या इनॅमलवर ब्रश फिरवणं म्हणजे ते खरवडणं.

कोळशाची पावडर, आंबट फळाचा रस आणि सोडा यांबद्दल मला आज दोघींनी विचारलं. दोघींनाही एकच उत्तर दिलं: हात लावू नका. साधारण ५.५च्या खाली पीएच गेला की इनॅमल विरघळू लागतं आणि आंबट रस त्याच्या पुष्कळ खाली असतो. पेरॉक्साइडची सणक जाते. विरघळलेलं इनॅमल परत येत नाही.

३ जुलै

दादाचा पुन्हा फोन. "व्हाइटनिंगमुळे दाढ दुखतेय गं, तुझी ती पेस्टवाली युक्ती सांग."

कुठली दाढ, कधी दुखते, ते विचारलं. खालची उजवी, एकच. चावताना, आणि चावून दात सोडताना जास्त.

"दादा, पट्टी तुझ्या दाढेपर्यंत पोचतच नाही. आणि चावताना दुखणं हे यातलं नव्हे. पेस्ट-बिस्ट काही नको, आधी डॉक्टरांना दाखव."

आज लिहून ठेवते, कारण उजळवण्याच्या दिवसांत प्रत्येक दुखणं त्याच्याच नावावर टाकलं जातं. उजळवण्याची सणक सहसा समोरच्या बऱ्याच दातांत फिरते, क्षणभर येते, जेल थांबवलं की काही दिवसांत ओसरते. एकाच दातात ठाण मांडलेलं दुखणं, चावताना येणारी कळ, गरम लागल्यावर बराच वेळ न जाणारा ठणका, झोपेतून उठवणारं दुखणं, सूज, किंवा थांबवून दोन आठवडे झाले तरी टिकलेली शिवशिव: यातलं काहीही असेल तर घरचा उपाय नाही, तपासणीच.

५ जुलै

दादाच्या दाढेला तडा निघाला. वेळेत सापडला, नसेपर्यंत गेलेला नाही. कॅप बसवणार आहेत. पट्ट्या बंद. फार हायसं वाटलं.

९ जुलै

समोरचे दात ए-१पर्यंत आलेत आणि मागच्या तीन फोटोंत फरक दिसत नाही. म्हणजे ते थांबले. सुळे अजून एक छटा मागे. समोरच्या दातांना आता जेल नाही. ट्रेमध्ये फक्त सुळ्यांच्या खोबणीत थेंब. थांबलेल्या दाताला जेल देत राहणं म्हणजे रंगाशिवाय नुसती सणक.

गुण: श्वास ०, पाणी १, स्पर्श १.

१२ जुलै

सुळे पुरेसे जुळले. पूर्ण थांबवलं. पेस्ट सकाळ-संध्याकाळ चालूच. आठवडाभर रात्री फ्लोराइडचा ट्रेही, डॉक्टरबाईंनी दिलेला.

१९ जुलै

गुण: ०, १, १. समोरच्या दातांची छटा अगदी किंचित खाली आली आणि तिथेच टिकली. हे होणारच होतं.

२७ जुलै

फिलिंग बदललं. थांबल्यापासून दोन आठवडे जाऊ दिले, कारण उजळवल्यानंतर दातात राहिलेला ऑक्सिजन फिलिंगच्या रेझिनला नीट घट्ट होऊ देत नाही आणि चिकटणं कच्चं राहतं. शिवाय रंगही आता बसलेला, त्यामुळे छटा एकदाच जुळवावी लागली.

उरलेल्या दोन सिरिंज फ्रीजमध्ये, तारीख लिहून. ट्रे गार पाण्याने धुऊन, कोरडे करून डबीत. गरम पाण्याने ते वाकतात. पुढे कधी छटा उतरली तर आधी दोन आठवडे पेस्ट, मग एक दिवसाआड दोन तास, याच क्रमाने. दादाची कॅप बसली की तो त्याच्या डॉक्टरांना ट्रे आणि १० टक्क्यांबद्दल विचारणार आहे. त्याला या नोंदी पाठवल्या.